‘छान आलाय’ म्हणायचं नाही!

आमच्या भिशीत आम्ही सात जणी आहोत. पैशांचा विषय पाच मिनिटांत संपतो. मग शेंगापोळी आणि चहा होतो आणि प्रत्येकीच्या पर्समधून एक पाकीट बाहेर येतं. त्यात महिनाभरात काढलेल्या फोटोंपैकी एक फोटो असतो, स्टुडिओतून पोस्टकार्ड आकारात छापून आणलेला. मोबाइलवर फोटो दाखवायचा नाही, हा आमचा पहिला नियम. मोबाइलवर बोट सरकतं नि फोटो पुढे पळतो. कागद हातात धरून पाहावाच लागतो. दुसरा नियम असा, की ‘छान आलाय गं’ म्हणायचं नाही. काय चुकलं ते सांगायचं.

मैत्रिणींनो, हा दुसरा नियम वाटतो तितका सोपा नाही. दुसरीच्या भाजीत मीठ कमी आहे, हे तरी आपण तोंडावर कुठे सांगतो?

जानेवारीत गड्ड्याचे फोटो येतात. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त, आणि सगळ्यांच्या डोक्यावरून आडव्या गेलेल्या विजेच्या तारा! फोटो काढताना त्या कुणाला दिसलेल्याच नसतात. “दोन पावलं डावीकडे सरकली असतीस तर?” एवढंच कुणीतरी म्हणतं, आणि पुढच्या वर्षी ती बरोबर सरकते.

पण एकदा मी हा नियम फार जोरात वापरला.

२०२३ साली कोजागिरी २८ ऑक्टोबरला होती आणि त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहणही होतं. दूध आटवायचं की नाही, इथपासून घरोघरी चर्चा. रात्री १ वाजून ५ मिनिटांनी स्पर्श, २ वाजून २२ मिनिटांनी मोक्ष. पुढच्या भिशीला आमच्यातली सर्वांत अबोल मैत्रीण त्या रात्रीचा फोटो घेऊन आली. काळ्या कागदावर एक पांढरा ठिपका. ग्रहणाचा मागमूसही नाही. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. चूक दिसली की हाताला लाल पेन आठवतंच. म्हणाले, “अगं, हा चंद्र आहे की गल्लीतला दिवा?”

सगळ्या हसल्या. तीही हसली. पुढच्या दोन भिशींना तिचे पैसे आले, ती आली नाही.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, “तुझी शाळा काही सुटत नाही.” राग आला, पण रात्री झोपही लागेना. शेवटी गेले तिच्याकडे. तिच्या घरी ग्रहण कडक पाळतात. सगळे झोपल्यावर दीड वाजता ती चपला हातात घेऊन गच्चीवर गेली होती. चाळीस फोटो काढले, त्यातला तो त्यातल्या त्यात बरा. हे तिनं भिशीत सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

मग तिच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही चूक शोधली. पौर्णिमेचा चंद्र म्हणजे भर उन्हातला दगड. त्याच्या फोटोला प्रकाश कमीच लागतो. मोबाइल मात्र भोवतालचा अंधार बघून प्रकाश जास्त घेतो आणि चंद्र पांढराफटक होतो. म्हणून पडद्यावरच्या चंद्रावर बोट दाबून धरायचं, उजेड कमी करायचं चिन्ह येतं ते चंद्रावरचे डाग दिसेपर्यंत खाली ओढायचं. चंद्र आकाशात जेमतेम अर्धा अंश रुंद, त्यामुळे फोटोत वाटाण्याएवढाच येतो. शेजारी नारळाची झावळी किंवा देवळाचा कळस असला तर फोटो रिकामा वाटत नाही.

ताऱ्यांचं नेमकं उलट. त्यांना दहा-पंधरा सेकंद द्यावे लागतात आणि तेवढा वेळ हात स्थिर राहत नाही. मोबाइल कठड्यावर तांदळाच्या पुरचुंडीला टेकवावा आणि टायमर लावावा, म्हणजे बोटाचा धक्काही बसत नाही. फार वेळ मात्र नको. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते, तारे ठिपक्यांऐवजी रेघा होतात. ध्रुवतारा तेवढा जवळजवळ जागीच राहतो. पण सोलापुरातून तो साधारण साडेसतरा अंशच उंच, म्हणजे हात लांब करून धरलेल्या जेमतेम दोन मुठींएवढा. शहरात तो इमारतींमागेच राहतो.

तेव्हापासून भिशीत तिसरा नियम आला. आधी ‘कसा काढलास?’ विचारायचं, आणि उपाय माहीत असेल तरच चूक काढायची.

मैत्रिणीचं माहेर नान्नजच्या बाजूला आहे. तिथे रात्री खरा अंधार असतो. २०२४ साली दसऱ्यानंतर ती तिकडे गेली, तेव्हा संध्याकाळी पश्चिमेला त्सुचिनशान-अ‍ॅटलास धूमकेतू दिसत होता. भिशीला तिनं फोटो ठेवला. खाली तुरीचं शेत, वर विझत आलेला उजेड आणि त्यात बोटभर धूसर शेपूट. मिनिटभर कुणी बोललं नाही.

“कसा काढलास?” मी विचारलं.

“पाण्याच्या टाकीवर मोबाइल ठेवून. वडील बॅटरी घेऊन मागे उभे होते, त्यांना ती विझवायला लावली.”

“क्षितिज डावीकडे कललंय गं. पुरचुंडी एका बाजूनं सारखी करायला हवी होती.”

“दिसलं होतं मला,” ती म्हणाली. “पण सारखी करेपर्यंत तो झाडामागे गेला.”

फोटो पुन्हा एकदा सगळ्यांच्या हातांतून फिरला. मग शेजारच्या वहिनींनी आपलं पाकीट उघडलं.