जुनी रायफल दुरुस्तीला आली तर? कारागिरांनी आधी कायदा पाहावा

तलासरीकडच्या आमच्या ओळखीच्या एका लेथवाल्या चाचांकडे मध्यंतरी दोन भाऊ कापडात गुंडाळलेली लांबडी वस्तू घेऊन आले. वडील वारले होते, कपाटातून जुनी शिकारी रायफल निघाली होती, वर पितळी कड्यांची दुर्बीण. "चाचा, बोल्ट अडकलाय, तेवढा मोकळा करून द्या. पैशाचं बघू नका." चाचांनी वस्तू ठेवून घेतली नाही. आधी आम्हांला विचारले. बरे केले.

१९५९च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार बंदुकीची नुसती दुरुस्ती करायलाही परवाना लागतो, आणि तो दुरुस्त करणाऱ्याच्या स्वतःच्या नावाचा असावा लागतो. गिऱ्हाइकाचा परवाना आपल्याला वाचवत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. सुटे भागही कायद्याच्या व्याख्येत येतात. तेव्हा "नुसता बोल्टच आणलाय" ही सबब चालत नाही. गिऱ्हाइकाची वस्तू अमानत खरी, पण ही अमानत एक रात्रही दुकानात ठेवू नये.

असे असताना या कामाची ओढ मात्र आम्ही समजू शकतो. शिकलगार हे नावच अरबी 'सैकल', म्हणजे जिल्हई, यावरून आले. तलवारी आणि बंदुका उजळणाऱ्या घराण्यांतले लोक आज कात्र्या-सुऱ्यांना धार लावत फिरतात. हात तोच आहे, काम गेले.

जुन्या रायफलींत आपल्याकडे .३१५ बोअर पुष्कळ दिसते. इंग्रजांनी लष्कराचे .३०३ काडतूस खाजगी हातांत जाऊ नये म्हणून बंदी घातली, तेव्हा बीएसएसारख्या कंपन्यांनी हिंदुस्थानच्या बाजारासाठी हा वेगळा बोअर काढला. पुढे ईशापूरच्या सरकारी कारखान्यानेही तो बनवला. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर कडक बंधने आली आणि या रायफली कपाटांत गेल्या. डहाणूची खारी हवा पोलादाला काय करते हे येथील कुठल्याही सायकलवाल्याला विचारावे. त्यातून जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्याचा क्षार नळीत राहतो, तो ओल ओढतो आणि नळी आतून खातो. तेलाने तो निघत नाही. गरम पाण्यानेच निघतो. जाणते लोक म्हणून आधी पाणी, मग कोरडे फडके, मग तेल असा क्रम ठेवतात.

नळीचा काळा-निळा रंग हा रंग नव्हेच, तो गंज आहे! जुन्या पद्धतीत पोलादावर तेजाबी पाणी फिरवून मुद्दाम तांबूस गंज चढवतात, उकळत्या पाण्यात घालून तो काळा करतात, बारीक तारेच्या ब्रशने झाडतात आणि हे सारे अनेक वेळा करतात. घाई करणारा पॉलिश-चाकावर नळी घासतो. त्यात कोरलेली अक्षरे पुसतात आणि संग्राहकाच्या लेखी निम्मी किंमत जाते. अक्षरे आणि क्रमांक पुसणे कायद्यानेही गुन्हा आहे.

दुर्बिणीचे दुखणे वेगळे. जुन्या जर्मन दुर्बिणींत काचा कॅनडा बाल्सम नावाच्या झाडाच्या चिकाने जोडलेल्या असत. तो पिवळा पडतो, कडेने सुटतो. ओलीने आत बुरशीची जाळी धरते आणि वेळीच काढली नाही तर काचेवर कायमचा ओरखडा राहतो. कित्येक दुर्बिणींत वर-खाली नेम लावण्याचीच चकती असे; डावे-उजवे बैठकीवरून करावे लागे. म्हणून दुर्बीण आणि तिची मूळ बैठक वेगळी विकणे म्हणजे दोन्ही मातीमोल करणे. हे कामही परवानाधारक दुकानामार्फतच घ्यावे, असे आमचे मत.

आता वारसांचे. रायफल तरक्यात येते, पण तिचे वाटे पडत नाहीत. ती आधी जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. मग वारसांपैकी एकाने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा, किंवा ती विकून आलेली रक्कम शरियतप्रमाणे बहिणींसह वाटून घ्यावी. २०१९पासून एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाने आली तरी. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला झाला, त्यामुळे त्याआधीचे परवाने ठाण्याच्या कचेरीचे असतात. त्यावर यूआयएन क्रमांक आहे की नाही ते पाहावे. त्याशिवाय परवाना ग्राह्य नाही. अगदीच जुनाट आणि दुरुस्त करूनही न चालणाऱ्या शस्त्राला कलम ४५मध्ये सूट आहे. पण ते तसे आहे की नाही हे लेथवाल्याने ठरवायचे नाही.

चाचांनी त्या भावांना तसेच पोलीस ठाण्यात पाठवले. पावती मिळाली, धाकट्याने अर्ज केला आहे. चाचांनी मजुरी घेतली नाही, चहा मात्र त्यांच्याच पैशाने प्यायले.