पावसाळ्याची बेगमी फक्त सिमेंटची नसते: साइटवरच्या माणसांचं मन आणि तुमचा धंदा



रत्नागिरीतल्या आपल्या एका बॅचला बांधकामाचे छोटे ठेके घेणारा एक तरुण आला होता. चिऱ्याची घरं, कंपाउंडच्या भिंती, स्लॅबची कामं. कोटेशन कसं द्यायचं, जीएसटी कसा धरायचा, सगळं नीट लिहून घेतलं त्याने. चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, कामं भरपूर आहेत, पण माणसं टिकत नाहीत. दिवाळीनंतर आठ जण आणले. होळीला गावाला गेले ते तिघेच परत आले. हजेरी तर मी बाजारभावानेच देतो."

मी विचारलं, "पगार कधी करतोस?"

"बिल आलं की."

"आणि बिल कधी येतं?"

तो हसला. "ते देवालाच माहीत, सर!"

आजचा लेख या हसण्यावर आहे. कारण त्याला जे देवावर सोडता येतं, ते त्याच्या बिगाऱ्याला येत नाही. त्याच्या घरून रोज रात्री फोन येतो, "पैसे कधी पाठवताय?"

माझी एक चूक

ट्रेनिंग सुरू करण्याआधी मीही काही वर्षं छोटी बांधकामं केली. एका उताराच्या जागेवर घराचं काम चालू होतं. गवंडी विजापूरकडचा, पन्नाशीचा, हात अगदी साफ. एके दिवशी त्याची भिंत ओळंब्यात नव्हती. मालक समोर उभा होता, मला लाज वाटली आणि ती सगळी मी त्याच्यावर काढली. चार माणसांसमोर, नको त्या शब्दांत.

दोन दिवसांनी परांचीची फळी मोडली. एक पोरगा सात-आठ फुटांवरून खाली आला, हात मोडला. जिवावरचं हातावर निभावलं. संध्याकाळी कळलं की फळीला तडा गेलेला गवंड्याने सकाळीच पाहिला होता. मी विचारलं, "मग सांगितलं का नाहीत?" तो खाली बघत म्हणाला, "परवा एवढं ऐकून घेतलं, साहेब. म्हटलं, परत काही बोललो तर कामावरून काढाल."

नंतर त्याच्या साथीदाराने सांगितलं की हा माणूस पंधरा दिवस धड झोपला नव्हता. मुलीच्या लग्नाचं कर्ज होतं. आणि त्याचा तीन आठवड्यांचा पगार अडकला होता. कुठे? माझ्याकडे.

त्या दिवशी जे शिकलो ते कुठल्याही कोर्समध्ये शिकलो नव्हतो. घाबरलेला माणूस चूक लपवतो, आणि बांधकामात लपवलेली चूक कधी ना कधी कुणाच्या तरी अंगावर पडते.

"मानसिक आरोग्य? ते मोठ्या कंपन्यांचं!"

असं वाटणं साहजिक आहे. पण आकडे बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे नैराश्य आणि चिंतेमुळे जगात दरवर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात. आपल्या देशात २०२२ मध्ये १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. सगळ्यात जास्त महाराष्ट्रात. आणि देशभरातल्या या माणसांमध्ये चारातला एकाहून जास्त रोजंदारीवर जगणारा होता. हे सगळे बांधकामावरचे होते असं नाही. पण रोजंदारी म्हटलं की आपली साइट त्यात आलीच.

आपल्याकडे अडचण अशी की हा विषय थट्टेचा झालाय. पुण्यात येरवड्याच्या नावाने टोमणा मारतात, मुंबईत ठाण्याच्या. रत्नागिरीला तर ब्रिटिश काळापासूनचं मनोरुग्णालय आहे. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं म्हणजे पुणे, ठाणे, नागपूर आणि आपलं रत्नागिरी. म्हणजे ज्या गावात उपचाराची सोय दारात आहे, त्याच गावात "मला झोप लागत नाही, छातीत धडधडतं" असं साइटवर बोलायची चोरी! बोललास तर दुसऱ्या दिवसापासून तुला टोपणनाव पडलंच.

कोकणातल्या साइटचं वेगळं दुखणं

आपल्या जिल्ह्यात बांधकामाचा हंगाम साधारण आठ महिन्यांचा. मे संपत आला की आगोटीची धावपळ सुरू होते. पत्रे टाका, ताडपत्री बांधा, सिमेंट कोरड्या जागी हलवा. जूनला पाऊस लागला की बाहेरचं काम बंद. ठेकेदाराची बेगमी झालेली असते. पण बिगाऱ्याचं काय? चार महिने हजेरी नाही. गावाला शेतीचा तुकडा असेल तर ठीक, नाहीतर उचल. आणि पावसाळ्यात घेतलेली उचल फेडण्यात दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने जातात. म्हणजे माणूस नव्या हंगामात पाऊल टाकतो ते वजाबाकीतूनच.

त्यात घर लांब. भाषा वेगळी. राहायला अर्धवट बांधलेल्या घरातलीच एखादी खोली. बाई कामावर असेल तर संडासची सोय नाही म्हणून दिवसभर पाणी कमी पिणार. संध्याकाळी करायला काही नाही, मग बाटली. आणि सकाळी आपण म्हणतो, "ही माणसं अशीच!"

रत्नागिरी स्टेशनला गेलात तर एकदा कोकण रेल्वेचं श्रमशक्ती स्मारक बघून या. १९९० साली महामंडळ स्थापन झालं आणि १९९८ साली पूर्ण मार्गावर गाडी धावली. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, पानवल नदीवरचा सुमारे ६४ मीटर उंचीचा पूल, सगळं आपल्या उशाशी. हे बांधताना जे कामगार गेले त्यांची आठवण म्हणून ते स्मारक आहे. बोगदा आपल्याला दिसतो. बोगद्यात उतरताना रोज सकाळी पोटात काय होत असेल, ते कुठल्या बिलात येत नाही.

आपण बोगदे खोदत नाही, मान्य. पण दुसऱ्या मजल्यावर परांचीवर उभं राहणाऱ्या माणसाचं लक्ष घरच्या फोनमध्ये अडकलं असेल, तर धोका तोच.

मग छोट्या ठेकेदाराने काय करायचं?

समुपदेशक नेमणं तुम्हाला परवडणार नाही, माहीत आहे मला. पण खालच्या सहा गोष्टी आठ माणसांच्या टीमलाही जमतात.

१. पगाराचा वार ठरवा आणि पाळा. शनिवार म्हणजे शनिवार. मालकाचं बिल आलं नाही हा तुमचा प्रश्न आहे, बिगाऱ्याचा नाही. म्हणून काम घेतानाच आगाऊ रक्कम आणि टप्प्यांची तारीख लिहून घ्या, आणि निदान दोन आठवड्यांचा पगार वेगळ्या खात्यात ठेवा. तेवढं भांडवल नसेल तर काम छोटं घ्या. आपल्या तरुण मित्राची पाच माणसं रेटवरून गेली नव्हती. पैसे कधी मिळणार ते कळेना, म्हणून गेली.

२. हजेरी वही उघडी ठेवा. किती हजेऱ्या, किती उचल, किती खर्ची, बाकी किती. दर शनिवारी प्रत्येकाला त्याचं पान दाखवा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. हिशोब अंधारात असला की माणसाच्या मनात भुतं नाचतात.

३. मुकादमाच्या तोंडाला लगाम. शिवी हे साइटवरचं हत्यार समजलं जातं. चूक दाखवायची तर बाजूला नेऊन दाखवा. आईबहिणीवरून बोलायचं नाही, जातीवरून किंवा गावावरून टोचायचं नाही. हा नियम मुकादमाला लागू आणि आधी तुम्हाला. "चूक सांगेल त्याला ओरडा नाही, लपवेल त्याला माफी नाही" हे एक वाक्य पहिल्याच दिवशी सगळ्यांना ऐकवा.

४. सकाळची पाच मिनिटं. काम सुरू करायच्या आधी सगळे गोल उभे राहा. आज कुठे धोका आहे, कोणाची तब्येत बरी नाही, कोण नीट झोपला नाही. ज्याला झोप नाही त्याला त्या दिवशी उंचीवर चढवू नका, खालचं काम द्या. हजेरी मात्र पूर्ण. हजेरी कापलीत तर उद्यापासून तुम्हाला कोणी खरं सांगणार नाही.

५. पावसाळ्याची बेगमी माणसांसाठीही. साधा हिशोब करू. समजा आठ माणसं, ऑक्टोबर ते मे साधारण २०० दिवस काम. दर हजेरीमागे ४० रुपये तुम्ही बाजूला टाकलेत, तर मे अखेर प्रत्येकाचे ८,००० रुपये होतात. आठ जणांचे ६४,०००. हे त्याच्या पगारातून कापायचे नाहीत, कोटेशनच्या दरात धरायचे. हंगाम संपताना हातात द्या. दिवाळीनंतर कोण परत येतंय ते बघा मग!

६. सरकारी नोंदणी करून द्या. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ बांधकामाच्या खर्चावर घेतल्या जाणाऱ्या एक टक्का उपकरातून चालतं. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामाचं काम, एवढ्यावर कामगाराची नोंदणी होते. मुलांच्या शिक्षणाला, आजारपणाला मदत मिळते. त्यासाठी ९० दिवसांचा दाखला लागतो आणि तो देणारे तुम्ही असता. एक सही. अनेक ठेकेदार ती करायला टाळतात. तुम्ही टाळू नका.

आणि हो, प्यायचं पाणी, संडास आणि बाईमाणसासाठी आडोसा याला मी सातवी गोष्ट म्हणत नाही. ते पाया भरायच्या आधी व्हायला हवं.

कोणी खरंच खचलेला दिसला तर?

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड राज्यात २००८ साली 'मेट्स इन कन्स्ट्रक्शन' नावाचं काम सुरू झालं. बांधकामावरच्या पुरुषांमधल्या आत्महत्या बघून. त्यांनी साइटवरच्याच साध्या कामगारांना शिकवलं: सोबत्याचं काहीतरी बिनसलंय हे कसं ओळखायचं, त्याला कसं विचारायचं आणि मदतीपर्यंत कसं न्यायचं. आपल्या गवंड्याला हे शिकवायला काय हरकत आहे?

रोज गप्पा मारणारा अचानक गप्प झाला, जेवण टाकू लागला, दारू वाढली, सामान वाटून टाकू लागला, "माझं काही खरं नाही" असं बोलू लागला, तर थट्टा करू नका. चहाला बाजूला न्या आणि सरळ विचारा, "जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट ओझं हलकं होतं. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, खोलीवर सोबत ठेवा, घरच्यांना कळवा. सरकारची 'टेलि-मानस' सेवा २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. हा नंबर सिमेंटच्या गोदामाच्या दारावर खडूने नाही, रंगाने लिहा. जीव धोक्यात आहे असं वाटलं तर थेट सरकारी रुग्णालयात घेऊन जा.

आणि तुम्ही स्वतः?

ही गोष्ट शेवटी सांगतोय, पण महत्त्वाची आहे. ठेकेदाराचीही झोप उडते. मालक बिल अडवतो, आर्किटेक्ट नवीन बदल सांगतो, वाळूचा भाव वाढतो, आणि घरी आपण म्हणतो, "सगळं मस्त चाललंय!" मीही म्हणायचो. त्या गवंड्यावर ओरडलो त्या दिवशी माझ्याच दोन बँक हप्त्यांची तारीख उलटून गेली होती. माझी भीती मी त्याच्यावर टाकली, त्याने ती गिळली, आणि फळीवरून तिसराच पोरगा पडला.

म्हणून धंद्याचा खरा आकडा घरातल्या एका माणसाला तरी माहीत असू द्या. दर महिन्याला एकदा दुसऱ्या ठेकेदाराबरोबर बसून मोकळं बोला. तोही त्याच होडीत असतो. आणि १४४१६ हा नंबर मालकांनाही लागतो.

या आठवड्याचा गृहपाठ

फक्त दोन कामं. एक, पगाराचा वार ठरवून टीमसमोर जाहीर करा. दोन, सोमवारी सकाळी पाच मिनिटं गोल उभं राहून विचारा, "काल रात्री कोणाकोणाची झोप झाली नाही?"

पहिल्या सोमवारी कोणी बोलणार नाही. दुसऱ्या सोमवारी कदाचित हसतील. तिसऱ्या सोमवारी एखादा म्हणेल, "शेठ, ती पलीकडची फळी जरा बघून घ्या." समजा, तुमची साइट सुधारायला लागली.