पाणथरी कामावर आहे की नाही? रक्ताचा थेंब सांगतो

कापडाच्या धंद्यात भिंग काही नवे नाही. इंचात ताण्याचे धागे किती आणि बाण्याचे किती, हे नुसत्या डोळ्यांनी कोणी सांगत नाही. ताक्यावर भिंग ठेवावेच लागते. सतराव्या शतकात हॉलंडमधील डेल्फ्ट शहरी अँटनी व्हान लेवेनहूक नावाचा एक कापड-दुकानदार होता. धाग्यांबरोबर त्याने इतर अनेक वस्तू भिंगाखाली धरल्या. १६७४ साली रक्तातील तांबड्या कणांचे वर्णन त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळविले. रक्ताचे कण भिंगातून पाहण्याच्या या कामाचा पाया घालणाऱ्यांत आपल्याच पेशाचा एक माणूस होता, ही गोष्ट व्यापारी बंधूंनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. आज त्याच कामातून शरीरातील एका दुर्लक्षित अवयवाची खबर मिळते. ती आपल्या कारागिरांच्या जिवाशी निगडित असल्यामुळे आम्ही येथे मांडत आहोत.

शरीरातील चेकर

पाणथरीला उर्दूत तिल्ली म्हणतात, डॉक्टर प्लीहा म्हणतात. ती पोटाच्या डाव्या बाजूस, बरगड्यांच्या आड असते. मोठ्या माणसात तिचे वजन साधारण १५० ग्रॅम. तिचे मुख्य काम रक्ताची तपासणी.

रक्तातील तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. तिची रुंदी सात ते आठ मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पाणथरीत या पेशीला एक-दोन मायक्रॉनच्या फटीतून अंग चोरून जावे लागते. लवचीक पेशी निघून जाते; जुनी, कडक झालेली पेशी अडकते आणि तिची तेथेच विल्हेवाट लागते. काही नव्या पेशींत केंद्रकाचा एखादा तुकडा मण्यासारखा राहून गेलेला असतो. पाणथरी तेवढा मणी काढून घेते आणि पेशी पुन्हा रक्तात सोडते. फोल्डिंग खात्यातला चांगला चेकर चिमट्याने गाठ उचलतो, ताका फाडत नाही, तसेच हे.

तिचे दुसरे काम जंतू पकडण्याचे. न्यूमोकॉकससारख्या ज्या जंतूंच्या अंगावर जाड आवरण असते, त्यांना रक्तातून गाळून काढण्यात पाणथरीचा वाटा मोठा आहे.

हजेरी वेगळी, काम वेगळे

चेकर खुर्चीवर बसलेला दिसतो म्हणून माल तपासला जातोच असे नाही, हे कारखानदारांना सांगायला नको. पाणथरीचेही तसेच आहे. सोनोग्राफीत ती कोठे आहे आणि केवढी आहे हे दिसते; ती काम करते की नाही हे दिसत नाही. १९६९ साली अमेरिकेत डॉ. हॉवर्ड पिअर्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेलच्या आजाराची काही मुले तपासली. हाताला पाणथरी वाढलेली लागत होती, पण किरणोत्सारी द्रव्य देऊन काढलेल्या चित्रात ती उमटतच नव्हती. अवयव हजर, काम बंद! तेव्हा चेकरची परीक्षा करायची तर त्याच्या हाताखालून गेलेला माल पाहावा. पाणथरीचा माल म्हणजे रक्त.

तपासणीच्या तीन तऱ्हा

पहिली तऱ्हा साध्या स्लाइडची. रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तांबड्या पेशीत गडद, गोल ठिपका दिसला तर समजावे की मणी काढणारा जागेवर नाही. या ठिपक्यांना 'हॉवेल-जॉली बॉडी' म्हणतात. अमेरिकेचे हॉवेल व फ्रान्सचे जॉली या दोन शास्त्रज्ञांची नावे त्यांना मिळाली आहेत. ही तपासणी स्वस्त आहे आणि तालुक्याच्या गावीही होऊ शकते. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रक्तपेशी मोजणारे यंत्र हे ठिपके सहसा दाखवीत नाही. स्लाइड जाणकार माणसाने डोळ्यांनी पाहावी लागते. दुसरे असे की, पाणथरीचे काम थोडेच मंदावले असेल तर ठिपके आढळतीलच असे नाही. म्हणून ठिपके नाहीत एवढ्यावरून कोणी गाफील राहू नये.

दुसरी तऱ्हा अधिक बारीक आहे. विशेष प्रकारच्या सूक्ष्मदर्शकाखाली काही पेशींच्या पृष्ठभागावर खळगे पडल्यासारखे दिसतात. ती खरे तर पेशीच्या आत साचलेल्या टाकाऊ मालाची पोतडी असते, जी पाणथरीने काढायला हवी होती. निरोगी माणसात अशा पेशी शेकडा चारहून कमी असतात. पाणथरी काढलेल्या माणसात त्या कितीतरी वाढतात. येथे नुसते होय-नाही कळत नाही, काम किती घटले याचा हिशेब लागतो. मात्र असा सूक्ष्मदर्शक व मोजणारे हात थोड्याच ठिकाणी आहेत.

तिसरी तऱ्हा स्कॅनची. रुग्णाच्याच तांबड्या पेशी घेऊन त्यांना टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य जोडतात आणि सुमारे ४९.५ अंश सेल्सियस उष्णतेने मुद्दाम खराब करून परत शरीरात सोडतात. हा जाणूनबुजून पाठवलेला खोटाचा माल! पाणथरी काम करीत असेल तर तो अडवते आणि गॅमा कॅमेऱ्यात उजळून दिसते. या द्रव्याचा जोर दर सहा तासांनी निम्मा होतो. अपघातात पाणथरी फुटल्यावर तिचे तुकडे कधी कधी पोटात रुजून काम करू लागतात. तेही या स्कॅनमध्ये सापडतात. मात्र ही सोय न्यूक्लिअर मेडिसिन विभाग असलेल्या मोठ्या इस्पितळातच मिळते.

हे कोणाच्या कामाचे?

ज्यांची पाणथरी अपघातात किंवा आजारात काढली गेली, त्यांच्या. थॅलेसेमिया व सिकलसेलच्या रुग्णांच्या. आपल्या राज्यात विदर्भ आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. केंद्र सरकारने २०२३ साली या आजाराच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू केली. भारतीय रुग्णांत पाणथरी पुष्कळदा वाढलेलीच राहते, म्हणून 'हाताला लागते आहे, मग चिंता नाही' हा हिशेब येथे चालत नाही.

आमच्या माहितीतील एका माग कामगाराची पाणथरी मोटारसायकलच्या अपघातानंतर काढावी लागली. इस्पितळाने टाके काढून घरी पाठविले. लशीचा शब्द कागदावर नव्हता. काही वर्षांनी एका संध्याकाळी ताप भरला. गोळी घेऊन तो रात्रपाळीला आला आणि सकाळी बेशुद्ध झाला. इलाज झाला, जीव वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटे गेली. तुटलेला धागा जोडायचा तो याच बोटांनी.

हे काही नवे ज्ञान नव्हे. पाणथरी काढलेल्या तान्ह्या मुलांना घातक संसर्ग होतो, हे किंग आणि शूमाकर या अमेरिकन डॉक्टरांनी १९५२ सालीच लिहून ठेवले. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सिकलसेलच्या लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिल्याने न्यूमोकॉकसचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. उपाय आहेत, ते माणसापर्यंत पोहोचत नाहीत हे दुःख आहे.

काय करावे?

पाणथरी नसलेल्या किंवा बंद पडलेल्या माणसाने न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस व हिमोफिलस यांच्या लशी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात, फ्लूची लस दरवर्षी घ्यावी. शस्त्रक्रिया ठरवून होणार असेल तर लशी निदान दोन आठवडे आधी द्याव्यात; तातडीने झाली असेल तर सुमारे दोन आठवड्यांनी. हजला जाणाऱ्यांना मेनिंजायटिसची लस घ्यावीच लागते. १९८७ साली हजच्या वेळी या रोगाची साथ आली होती. पण तेवढ्या एका लशीवर अशा माणसाने थांबू नये, न्यूमोकॉकसची लस वेगळी असते. मलेरिया व कुत्र्याचा चावा हेही त्याला जास्त धोक्याचे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ताप. थंडी वाजून ताप आला की सकाळची वाट पाहू नये. ताबडतोब इस्पितळ गाठावे आणि 'मला पाणथरी नाही' हे पहिल्या वाक्यात सांगावे. अँटिबायोटिकचा पहिला डोस घरी ठेवावा का, हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावे. तशी चिठ्ठी खिशात कायम असावी.

कारखानदार बंधूंना आमची एक विनंती आहे. आपल्या हजेरीबुकात कामगाराचे नाव, गाव आणि उचल लिहिलेली असते. ज्याची पाणथरी काढली आहे त्याच्या नावापुढे, त्याची मर्जी विचारून, तेवढीही नोंद करावी. त्याला ताप आला तर मजुरी न कापता त्याच रात्री सोबत माणूस देऊन इस्पितळात पाठवावे. एका पाळीचा माल पुढच्या आठवड्यात भरून निघतो.