लवंग : झाड, कळी आणि तिचे चित्र

लवंग आपल्या प्रत्येकाच्या घरात असते. मसाल्याच्या डब्यात, पानाच्या तबकात, दाढ दुखू लागली की आजीच्या हातात. परंतु लवंगेचे झाड पाहिलेला माणूस पासली, केळद, वेल्हे या आपल्या भागात शोधूनही सापडणे कठीण. वस्तू रोजची आणि झाड अनोळखी, अशी ही गोष्ट आहे. म्हणून सभासद बंधुभगिनींसाठी, आणि विशेषतः विद्यार्थी मित्रांसाठी, या झाडाची थोडी ओळख येथे करून देत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर करू. लवंग म्हणजे फळ नव्हे, बी नव्हे. ती न उमललेल्या फुलाची वाळवलेली कळी आहे. एक अखंड लवंग घेऊन रात्रभर पाण्यात भिजत घाला आणि सकाळी पहा. खालचा लांबट दांडा म्हणजे देठ नसून फुलाचेच मांसल पुष्पासन आहे. त्याच्या वरच्या भागात अंडाशय दडलेला असतो. टोकाला चार निदले पसरलेली दिसतात आणि त्यांच्यामध्ये बारीक गोळी असते. ही गोळी म्हणजे एकमेकांवर मिटलेल्या चार पाकळ्या. टाचणीने ती हळूच सोडवली तर आत वळून बसलेले असंख्य पुंकेसर दिसतात. वनस्पतिशास्त्राचा एवढा मोठा धडा दोन-चार पैशांच्या वस्तूत मिळतो, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

लवंगेचे शास्त्रीय नाव सिझिजियम अरोमॅटिकम. आपल्या बांधावरच्या जांभळाचे नाव सिझिजियम क्युमिनाय. म्हणजे लवंग आणि जांभूळ ही एकाच प्रजातीतली भावंडे! जांभळाचे पान चुरगळून वास घ्या, किंवा उजेडासमोर धरून पहा. तेलाचे बारीक ठिपके दिसतील. तसेच ठिपके लवंगेच्या पानात, अधिक प्रमाणात असतात. लवंगेचे झाड सदाहरित, साधारण आठ ते बारा मीटर उंचीचे, पाने समोरासमोर आणि चकचकीत. काव्यात ‘लवंगलता’ हा शब्द वारंवार येतो, त्यामुळे अनेकांना ही वेल वाटते. मसाल्याची लवंग मात्र वेलीला येत नाही, चांगल्या थोरल्या झाडाला येते.

हे झाड मूळचे आपल्याकडचे नाही. इंडोनेशियातील मोलुक्का बेटांपैकी तेर्नाते, तिदोर अशी काही छोटी बेटे हे त्याचे माहेर. कालिदासाच्या रघुवंशातही लवंगेची फुले दुसऱ्या द्वीपांवरून येतात असाच उल्लेख आहे, म्हणजे आपल्या पूर्वजांना ती बाहेरची आहे हे पक्के ठाऊक होते. सतराव्या शतकात डच कंपनीने हा व्यापार मुठीत ठेवण्यासाठी अंबोन आणि आसपासची बेटे सोडून इतरत्रची लवंगेची झाडे तोडून टाकली. ज्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जोपासली त्यांच्याच दारातली झाडे तोडली गेली. पुढे 1770 मध्ये फ्रेंच अधिकारी पिएर प्वाव्र यांच्या प्रयत्नाने रोपे मॉरिशसला पोचली आणि तेथून ती झांजीबारकडे गेली. भारतात 1800 च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने तामिळनाडूतील कुर्तालम येथे लवंग लावली. आज कन्याकुमारीच्या लवंगेला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तरीही देशाची गरज मोठ्या प्रमाणावर आयातीतूनच भागते.

मग आपल्या डोंगरात लवंग होईल का? हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाही, खिशाचा आहे. रोपे विकणारा माणूस दारात येऊन मोठ्या उत्पन्नाचे आकडे सांगतो तेव्हा चार गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. लवंगेला उष्ण आणि दमट हवा, सावली आणि बारमाही ओलावा लागतो. कोकणात नारळ-सुपारीच्या बागेत, पाणी देऊन, आंतरपीक म्हणून ती घेतली जाते आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची त्याबाबत शिफारस आहे. पासलीला पाऊस धो धो पडतो हे खरे, परंतु तो चार महिन्यांचा. हिवाळ्यात थंडी, पुढे मार्च-एप्रिलमध्ये ओढे आटलेले. शिवाय लागवडीनंतर पहिली कळी दिसायला सहा-सात वर्षे जातात. परसात, विहिरीकाठी, सावलीत एखादे रोप हौसेने लावायला हरकत नाही. कर्ज काढून लागवड करावी असे मात्र आम्ही कोणालाही सांगणार नाही.

कळ्या हिरव्याच्या गुलाबी होऊ लागल्या की त्या उमलण्यापूर्वी हाताने खुडतात आणि चार-पाच दिवस उन्हात वाळवतात. तीन किलो ओल्या कळ्यांची साधारण एक किलो लवंग होते. तिच्यातील तेलात युजेनॉल हे द्रव्य मुख्य असते. त्यानेच दाढ बधिर होते. दंतवैद्यही ते वापरतात. पण ठणका थांबला म्हणजे कीड गेली असे नव्हे, आणि लहान मुलांच्या तोंडात लवंगेचे तेल घालू नये, ते पोटात गेल्यास अपाय होतो. बाजारात तेल काढून घेतलेली लवंगही मिसळतात. पाण्यात टाकून पहावी : चांगली लवंग बुडते किंवा उभी तरंगते, तेल काढलेली आडवी तरंगते.

आता चित्राविषयी. पुस्तकांत लवंगेचे जे चित्र नेहमी आढळते ते जर्मनीत 1887 मध्ये निघालेल्या कोलर यांच्या औषधी वनस्पतींच्या ग्रंथातले. एका बाजूला फांदी, खाली कळीचा उभा छेद, फळ, बी, सर्व एकाच पानावर. छायाचित्राला हे जमत नाही, कारण कळी, फूल आणि फळ एकाच वेळी एकाच फांदीवर क्वचितच मिळते. चित्रकार वेगवेगळ्या दिवसांचे पाहिलेले एकत्र मांडतो.

त्याहून जुनी कथा अंबोन बेटावरील रुम्फियस यांची. 1670 मध्ये त्यांची दृष्टी गेली. 1687 च्या आगीत वनस्पतींची चित्रे जळाली. मुलाच्या आणि मदतनिसांच्या हातून त्यांनी ती पुन्हा करून घेतली. 1692 मध्ये हस्तलिखित घेऊन निघालेले जहाज बुडाले. सुदैवाने नक्कल मागे राहिली होती. ग्रंथ छापून निघू लागला 1741 मध्ये, ते वारल्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. लवंगेचे वर्णन त्यात आहे.

आपल्या पुणे जिल्ह्यालाही ही परंपरा आहे. दापोडी येथे, त्यावेळच्या दापुरीत, सरकारी वनस्पती उद्यान होते. त्याचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी 1847 ते 1850 या काळात एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून दीडशेहून अधिक वनस्पतींची चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानात आहेत आणि 2002 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. गिब्सनचे नाव सर्वांना माहीत; ज्याने डोळे ताणून पाने-फुले रंगवली त्याचे नाव कोठेही नोंदलेले नाही. याउलट मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथात (1678 ते 1693, बारा खंड) इट्टी अच्युतन या एळवा समाजातील वैद्याचे निवेदन त्याच्या नावानिशी छापलेले आहे. समाजाने खालचा मानलेल्या माणसाचे ज्ञान त्याच्या नावावर जमा झाले, हे आम्हाला त्या ग्रंथातील चित्रांइतकेच मोलाचे वाटते.

विद्यार्थ्यांना लवंगेचे झाड येथे मिळणार नाही, पण तिचे भावंड मिळेल. मार्च-एप्रिलमध्ये जांभूळ फुलते. कळ्यांची एक डहाळी आणून पेल्यात ठेवा आणि त्याच दिवशी चित्र काढा, उद्या ती सुकेल. आकार मापाने घ्यावा, अंदाजाने नको. पाने समोरासमोर आहेत ना, शिरा कडेपर्यंत जातात की आधी वळतात, हे मोजून पहा. पाकळ्या टोपीसारख्या एकत्र गळतात, तो क्षण टिपता आला तर उत्तम. एक कळी ब्लेडने उभी कापून तिचा छेद दुप्पट आकारात शेजारी काढा आणि डब्यातली भिजवलेली लवंग तशीच कापून तिच्याजवळ मांडा. खाली पेन्सिलीने गाव, तारीख आणि आपले पूर्ण नाव लिहा.