वऱ्हाडातील मोठ्या कुत्र्यांचा व्यायाम

लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, डॉबरमन, कारवानी यांसारख्या मोठ्या व चपळ कुत्र्यांना रोज शारीरिक व बौद्धिक श्रम मिळणे आवश्यक असते. जर्मन शेफर्ड मेंढ्या राखण्यासाठी, लॅब्राडोर शिकारीत पडलेले पक्षी आणून देण्यासाठी, तर दख्खनच्या पठारावरील कारवानी सशांच्या पाठलागासाठी जोपासला गेला. असे कुत्रे कामावाचून बांधून ठेवले की ते चपला व गाद्या कुरतडते, कुंड्या उकरते आणि सतत भुंकते. अमरावती व अकोला जिल्ह्यांत कडक उन्हाळ्यामुळे हा प्रश्न अधिक बिकट होतो. कारण कुत्र्याला दमवण्याचा सर्वांत सोपा मार्ग, म्हणजे पळवणे, येथे त्याच्या जिवावर बेतू शकतो.

उष्णता आणि कुत्र्याचे शरीर

कुत्र्याला घाम जवळजवळ येत नाही. घामाच्या ग्रंथी मुख्यतः तळपायांत असतात. शरीरातील उष्णता ते धापा टाकून बाहेर सोडते. बाहेरील हवाच शरीराहून अधिक तापली की हा उपाय अपुरा पडतो. कुत्र्याचे सामान्य तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सियस असते. ते ४१ अंशांपुढे गेल्यास उष्माघाताचा धोका असतो. अकोल्यात मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांपुढे गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनाने उष्णतेमुळे जमावबंदीचा आदेश काढला होता. उत्साही कुत्रे मालकाच्या हाकेसरशी दमलेले असतानाही धावत राहते. म्हणून थांबवण्याची जबाबदारी माणसाची असते.

वेळेची निवड

उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वीची वेळ फिरण्यास सर्वांत योग्य ठरते. सूर्यास्तानंतरही डांबरी व सिमेंटचे रस्ते बराच वेळ तापलेले राहतात. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवता येत नसेल, तर त्या रस्त्याने कुत्र्याचे तळवे भाजतात. अमरावतीलगतच्या वडाळी-पोहरा जंगलात बिबट्यांचा वावर आहे. पहाटेची थंड वेळ ही बिबट्याच्याही हालचालीची वेळ असल्याने जंगलाच्या कडेला कुत्र्याला नेणे टाळावे, तसेच वन्यजीवांच्या मागे त्याला मोकळे सोडू नये.

पावसाळ्यात काळी चिकण माती बोटांच्या बेचक्यांत अडकून वाळते व जखमा करते. फिरून आल्यावर पाय धुऊन कोरडे करावेत आणि गोचीड तपासावेत. कपाशी व सोयाबीनच्या नुकत्याच फवारणी झालेल्या शेतांपासून कुत्र्याला दूर ठेवावे. हिवाळा हा दीर्घ पायपीट व धावण्यासाठी सर्वांत अनुकूल काळ होय.

नाकाचे व बुद्धीचे काम

वास घेऊन शोध घेण्यात कुत्र्याची मोठी शक्ती खर्च होते आणि हे काम कूलरच्या गारव्यातही करता येते. ज्वारीच्या भाकरीचे तुकडे गोणपाटाच्या घड्यांत, उपड्या वाट्यांखाली किंवा निरनिराळ्या खोल्यांत लपवून शोधायला लावतात. रोजचे जेवण एकाच वेळी ताटलीत देण्याऐवजी त्यातील काही भाग अशा शोधातून देता येतो. बाहेर फिरतानाही पट्टा ताणून भरभर नेण्यापेक्षा कुत्र्याला मनसोक्त हुंगू द्यावे. ‘बस’, ‘थांब’, ‘आण’, ‘सोड’ या आज्ञांचा पाच-दहा मिनिटांचा सराव दिवसातून दोन-तीन वेळा घेतल्यास ते शांत होते आणि मालकाचे ऐकण्याची सवयही लागते. दोरीची ओढाओढ थोडा वेळ व सावलीतच खेळावी.

मेंढपाळांच्या कळपाबरोबरची कुत्री संथ गतीने चालतात, अधूनमधून बसतात आणि सतत लक्ष ठेवतात. पाळीव कुत्र्यालाही अशा श्रम व विसाव्याच्या आवर्तनाची गरज असते. केवळ चेंडूमागे पळवत राहिल्यास त्याचा दम वाढत जातो, त्यामुळे पूर्वीइतक्या धावण्याने ते शांत होत नाही.

घ्यावयाची काळजी

मोठ्या जातींच्या पिल्लांची हाडे साधारणतः दीड वर्षापर्यंत वाढत असतात. तोवर उंच उड्या, जिने आणि सायकलीमागे धावणे टाळावे. खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून जठराला पीळ पडण्याचा धोका असल्याने भरपेट जेवणानंतर लगेच पळवू नये.

जीभ गडद लाल होणे, घट्ट लाळ गळणे, उलटी होणे व झोकांड्या जाणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी कुत्र्याला सावलीत घेऊन अंगावर गार पाणी ओतावे, पंख्याचा वारा द्यावा आणि त्यानंतर तातडीने पशुवैद्यकाकडे न्यावे. ओल्या कापडात गुंडाळून ठेवल्यास उष्णता कोंडते. शुद्ध हरपत असल्यास तोंडात पाणी ओतू नये. अकोल्यात महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे.