पहारेकरी कॅमेरा आणि त्याची वीज

भोसरीहून चाकणला जाताना जरा वर पाहा. कारखान्यांची फाटके, गोदामांच्या भिंती, लहानमोठी दुकाने, जिकडेतिकडे कॅमेरे बसवलेले दिसतात. ऊन असो वा पाऊस, हा पहारेकरी रात्रंदिवस जागा असतो. पण त्याला वीज कोठून आणि कशी मिळते, याकडे फारसे कोणी पाहत नाही. तेथे चूक झाली, तर ती जिवावर बेतू शकते.

पावसाळ्यात एके दिवशी माझ्या वर्गातील एक मुलगा उशिरा शाळेत आला. त्याचा चेहरा उतरला होता. मी विचारले, "काय झालं रे?"

तो म्हणाला, "सर, सकाळी अब्बांच्या वर्कशॉपचं शटर उघडायला गेलो होतो. कॅमेऱ्याच्या लोखंडी खांबाला हात लागला आणि जोराचा झटका बसला!"

संध्याकाळी मी तेथे गेलो. वायरमनने मेन स्विच बंद केला होता. कॅमेरा चांगला होता. पण त्याचा अडॅप्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाहेरच खांबाला टांगलेला होता. पिशवीत पाणी साचले होते.

असे का झाले? आपल्या घरी येणारी वीज २३० व्होल्टची असते. पुष्कळशा कॅमेऱ्यांना १२ व्होल्ट पुरतात. २३० चे १२ व्होल्ट करण्याचे काम अडॅप्टर करतो. त्याच्या आत जणू एक भिंत असते. भिंतीच्या एका बाजूला २३० व्होल्ट, तर दुसऱ्या बाजूला १२ व्होल्ट. आत पाणी शिरले किंवा अडॅप्टर हलक्या प्रतीचा असला, तर ही भिंत निकामी होऊ शकते. मग २३० व्होल्टची वीज तारेत आणि लोखंडी खांबातही उतरू शकते.

म्हणून पहिला नियम असा, की २३० व्होल्टची वीज छपराखाली, कोरड्या जागी ठेवावी. बाहेर फक्त १२ व्होल्टची तार न्यावी. अडॅप्टर बाहेर ठेवणे भागच असेल, तर 'आय.पी. ६५' किंवा 'आय.पी. ६६' असे लिहिलेली पेटी घ्यावी. यातील ६ हा पहिला आकडा सांगतो, की आत धूळ शिरणार नाही. दुसरा आकडा पाण्याच्या फवाऱ्यापासून होणारे संरक्षण दाखवतो. पेटीत तारा खालच्या बाजूने घ्याव्यात, म्हणजे पाणी तारेवरून आत उतरत नाही.

दुसरा नियम खरेदीचा. अशा अडॅप्टरची भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी असणे बंधनकारक आहे. अडॅप्टरवर ब्यूरोची खूण आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक पाहावा. हा क्रमांक खरा आहे की नाही, ते ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर तपासता येते.

तिसरा नियम हिशेबाचा. समजा, एका कॅमेऱ्याला रात्री ०.५ अँपिअर वीज लागते. चार कॅमेऱ्यांना २ अँपिअर लागतील. मग २ अँपिअरचा अडॅप्टर सतत पूर्ण ओझ्याखाली तापेल. ३ अँपिअरचा घेतलेला बरा. अँपिअर जास्त असले, म्हणून कॅमेरा बिघडत नाही. घागर भरलेली असली, तरी आपण तहानेपुरतेच पाणी पितो ना? व्होल्ट मात्र कॅमेऱ्यावर लिहिलेले असतील तेवढेच हवेत. ते जास्त झाले, तर कॅमेरा जळू शकतो.

तारेची लांबीही ध्यानात घ्यावी. ०.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ३० मीटर नेली, तर जाऊन-येऊन ६० मीटर होते. तिच्यातून ०.५ अँपिअर वीज वाहिली, की वाटेतच सुमारे १ व्होल्ट कमी होतो. रात्री कॅमेऱ्याचे दिवे लागले, की वीज जास्त लागते. तेव्हा ती अपुरी पडून कॅमेरा बंद पडू शकतो. म्हणजे नेमका पहाऱ्याच्या वेळी पहारेकरी झोपतो! म्हणून लांब अंतरासाठी जाड तार वापरावी.

शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा. वीजजोडणीचे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावे. लोखंडी खांबाला आणि धातूच्या पेटीला अर्थिंग द्यावे. ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवावा. वीज भलत्या वाटेने जमिनीत जाऊ लागली, की तो क्षणात पुरवठा तोडतो.

त्या वर्कशॉपचा अडॅप्टर आता आत, कोरड्या जागी आहे. खांबाला अर्थिंग दिले आहे. मुलांनो, तुमच्या घराजवळ किंवा दुकानाजवळ असा पिशवीत टांगलेला डबा दिसला, तर त्याला हात लावू नका. लगेच मोठ्या माणसांना सांगा. चोरी झालेली वस्तू पुन्हा घेता येते. गेलेला जीव परत आणता येत नाही.