बाबांचा पेंग्विन, माझी खिडकी

रविवार, पोटात झणझणीत मिसळ, आणि प्लॅन काय? तर दिवसभर मस्त लोळायचं! पण इंदिरानगरच्या आमच्या टू-बीएचकेमध्ये त्या दिवशी दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलेनात, आणि बाबाही माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलत होते.

चूक माझीच. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. बाबांच्या म्हाताऱ्या डेस्कटॉपला विंडोज ११ झेपणार नव्हतं. मग मी मोठ्या ऐटीत त्यात नवा एसएसडी बसवून लिनक्स मिंट टाकलं. फुकट, हलकं, एकदम झकास! जुनी हार्डडिस्क आतच ठेवली, कारण तिच्यात आजीच्या ओव्या आहेत. सहा कॅसेट्स बाबांनी एका उन्हाळ्यात बसून कॉम्प्युटरवर उतरवल्या होत्या. कॅसेट्सना नंतर बुरशी लागली, त्यामुळे आता हीच एक कॉपी. आणि मिंट सांगत होतं की ही डिस्क आता फार दिवसांची सोबती नाही.

फोल्डर शेअर केला, माझ्या विंडोज ११ प्रो लॅपटॉपवर ‘नेटवर्क’ उघडलं. शुकशुकाट! एम. जी. रोडवरच्या एका दुकानदाराला फोन केला, तर म्हणे, “मॅडम, फॉरमॅट मारा, परत विंडोज टाका.” डोक्याला शॉट.

बाबांनी सातपूरच्या कारखान्यात आयुष्यभर इलेक्ट्रिकल मेंटेनन्स केलंय. शेवटी तेच म्हणाले, “अगं, लाइन कुठपर्यंत आलीये ते बघितलंस का? आधी मेन, मग फ्यूज, मग स्विच. डायरेक्ट पंखा काय उघडतेस?”

म्हटलं, चला, मेनपासून. लॅपटॉपवरून बाबांच्या मशीनच्या आयपी नंबरला पिंग केलं. लगेच उत्तर! म्हणजे वाय-फाय, राउटर ओके. मग नाव का दिसत नाही? तर नावांची ती जुनी यादी एसएमबी-१ या पद्धतीवर चालायची. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय व्हायरसने याच पद्धतीतली फट वापरून जगभर धुमाकूळ घातला, आणि त्याच वर्षीपासून नव्या विंडोजमध्ये ती बंदच येते. म्हणजे यादीत नाव नाही म्हणून मशीन गायब नसतं. दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे आयपी नंबर थेट टाइप करायचा.

तरी नाही. आता फ्यूज! मिंटची फायरवॉल मीच हौसेने चालू केली होती, त्यामुळे ४४५ नंबरचं पोर्ट बंद. सांबाला परवानगी दिली. (लिनक्सला विंडोजची ही भाषा बोलायला शिकवणारा हा सांबा. ‘शोले’मधला नव्हे हं! ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने १९९१-९२ मध्ये त्याची सुरुवात केली. एस, एम, बी ही अक्षरं क्रमाने येणारे शब्द शोधताना त्याला हे नाव सापडलं.)

आता निदान एरर तरी आली: तुमच्या ऑर्गनायझेशनच्या सिक्युरिटी पॉलिसीमुळे ओळख न पटवता गेस्ट म्हणून आत जाता येणार नाही. ऑर्गनायझेशन? घरात आम्ही तिघं!

पण स्विच सापडला होता. मी फोल्डर ‘गेस्ट’ला खुला ठेवला होता, आणि विंडोज ११ प्रो २०२४ च्या मोठ्या अपडेटपासून बिनपासवर्डच्या पाहुण्याला उभं करत नाही. मग बाबांचा लॉगिन पासवर्ड टाकला. तोही चालेना! कारण सांबाचा पासवर्ड वेगळा असतो, लिनक्सच्या लॉगिनचा तिथे उपयोग नाही. मिंटच्या टर्मिनलमध्ये ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ कमांडने तो एकदा ठरवून द्यावा लागतो. मी बाबांना खुर्चीत बसवलं. त्यांनी एका बोटाने, सावकाश, दोनदा टाइप केला. काय ठेवला ते मला सांगितलं नाही. माझ्या लॅपटॉपवरही त्यांनीच येऊन टाकला.

फोल्डर उघडला. कॉपी सुरू झाली. तो आयपी नंबर बदलू नये म्हणून मी राउटरमध्ये पक्का करत होते, तोवर बाबांनी तो कॅलेंडरच्या मागे लिहूनही ठेवला. मग मी पहिली फाइल लावली. आधी खरखर, मग जात्याची घरघर, मग आजी.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. बाबा दारातच उभे होते.

“आवाज वाढव जरा,” ते म्हणाले.